क्लाउड आणि एआय आल्यावर सर्व्हिस डेस्कमध्ये, म्हणजे लोकांच्या आयटी तक्रारी सोडवणाऱ्या टीममध्ये, करिअर करण्यात अर्थ आहे का?

आहे. फक्त तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) बंद करत राहणाऱ्यांची गरज संपेल, आणि ती संपायलाच हवी.

आमच्या डेस्कवर एआय बॉट बसवला, त्याच्या दुसऱ्याच महिन्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी लोकांना लॉगिन होईना. बॉटने प्रत्येक तक्रार 'पासवर्ड रीसेट'मध्ये टाकली, लिंक पाठवली, तिकीट रिझॉल्व्ह. डॅशबोर्ड हिरवागार. डेस्कवर नव्याने लागलेली एक मुलगी मात्र रीओपन झालेली, म्हणजे बंद करूनही पुन्हा उघडलेली, तिकिटं एकेक उघडून वाचत बसली होती. सगळ्यांत एकच तक्रार: 'पासवर्ड बदलला, तरी तेच.' ती उठून माझ्याकडे आली. सिंगल साइन-ऑनचं, म्हणजे एकाच लॉगिनने सगळी अ‍ॅप्स उघडणाऱ्या व्यवस्थेचं, सर्टिफिकेट रविवारी रात्री एक्स्पायर झालं होतं! सीएमडीबीत, म्हणजे कुठली यंत्रणा कोणाकडे आहे याच्या नोंदवहीत, त्याची मालकी ज्या टीमच्या नावावर होती, ती टीम क्लाउड मायग्रेशननंतर मोडली होती. नवा मालक शोधण्यातच दीड तास गेला.

माझे तेव्हाचे मॅनेजर म्हणायचे, "डेस्क म्हणजे फोन उचलणारी माणसं, आधी तीच कमी करा." मी म्हणत होतो, रीओपन मोजा. त्या महिन्याच्या रिव्ह्यूतही त्यांनी सरासरी रिझोल्यूशन टाइमच (तिकीट बंद व्हायला लागणारा वेळ) दाखवला, आणि तो खरंच कमी झाला होता. मला ते आजही पटलेलं नाही. युजरचं काम अडलेलंच असेल, तर तिकीट सुटलं असं म्हणायचंच कशाला?

क्लाउडने बाकीचंही बदललंय. ऑटोस्केलिंगमधला, म्हणजे गरजेनुसार आपोआप वाढणारा-कमी होणारा, सर्व्हर कधीकधी काही मिनिटंच जगतो, त्यामुळे हाताने भरलेली सीएमडीबी त्याच दिवशी शिळी होते. चेंज, म्हणजे सिस्टीममधले बदल, ऑटोमॅटिक पाइपलाइनमधून दिवसातून कितीदा तरी जातात, आठवड्याच्या कॅब (बदल तपासणारी समिती) मीटिंगची वाट कोण बघणार? 2019 मध्ये आलेल्या आयटीआयएल 4 ने (आयटी सेवा कशा चालवाव्यात याची प्रचलित चौकट) तर 'चेंज मॅनेजमेंट' हे नावच सोडलं, आता 'चेंज एनेबलमेंट' म्हणतात. प्रोव्हायडरकडेच बिघाड झाला तर एसएलएपोटी (सेवेच्या हमीचा करार) बहुतेक वेळा सर्व्हिस क्रेडिट, म्हणजे बिलात सूट, मिळतं. युजरला तोंड आपल्यालाच द्यावं लागतं.

एआय वाईट आहे असं मी म्हणत नाही. लांबलचक तिकिटांचा सारांश काढणं, एकाच बिघाडाचे शंभर अलर्ट एकत्र बांधणं, हे तो आमच्यापेक्षा भराभर करतो. आणि जिथे ऑडिट कडक असतं, तिथे चेंजला माणसाची मंजुरी लागेलच.

तुम्ही प्रॉब्लेम मॅनेजमेंट (बिघाडाचं मूळ कारण शोधणं) आणि एखाद्या क्लाउडचं मॉनिटरिंग नीट शिका. इंटरव्ह्यूमध्ये एवढं जरूर विचारा: "बॉटने बंद केलेली आणि रीओपन झालेली तिकिटं तुमच्याकडे कोण वाचतं?" कोणीच वाचत नसेल, तर तिथे जाऊ नका.