‘लिटरली’ आणि आपले ‘अक्षरशः’

प्रश्न : ‘लिटरली’ या इंग्रजी क्रियाविशेषणाचा मूळ अर्थ काय?

उत्तर : लॅटिनमध्ये ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. ‘लेटर’ आणि ‘लिटरेचर’ ही त्याच घरची भावंडे. धर्मग्रंथातील वचनाचा वाच्यार्थ घ्यावा की रूपकार्थ, या वादात ‘लिटरल’ हे विशेषण रुळले. ‘लिटरली’ म्हणजे जसे लिहिले आहे तसे, लक्षणा-व्यंजना बाजूला ठेवून.

प्रश्न : मैत्रीण सांगते, ‘हसून हसून मी लिटरली मेले!’ धडधाकट माणसाने असे म्हणणे चूक नव्हे काय?

उत्तर : तर्काच्या तराजूत चूकच, पण ही चूक मोबाइलवर वाढलेल्या पिढीच्या माथी मारू नये. फ्रान्सिस ब्रूक यांच्या १७६९ च्या कादंबरीत, सुंदर स्त्रियांच्या मेळाव्यात येऊन पडलेला भाग्यवान पुरुष ‘लिटरली’ कमळांमध्ये चरतो आहे, असे वाक्य आहे. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर कुंपण रंगवण्याचे काम इतर मुलांच्या गळ्यात घालतो आणि दुपारपर्यंत ‘लिटरली’ संपत्तीत लोळू लागतो. ती संपत्ती म्हणजे गोट्या, पतंग, दाराची मूठ असला ऐवज. विनोद त्या एका शब्दावरच तोललेला आहे. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स यांनी मात्र १९०९ मध्ये, अतिशयोक्ती करणे वाईटच, पण ती खरी असल्याची ग्वाही देणे असह्य, अशा आशयाची तक्रार केली होती.

खरेपणाची ग्वाही देणारे शब्द वापरून वापरून नुसता जोर देणारे होतात, ही भाषेची जुनी खोड आहे. ‘व्हेरी’ हा शब्द ज्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘खरा’ असाच होता, आणि आज ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून आपल्या मैत्रिणीला माझ्याकडून माफी. लेखनात मात्र मी हा शब्द जपून वापरतो. ‘टाळ्यांनी सभागृहाचे छप्पर लिटरली उडाले’ हे कोणीही समजून घेईल. पण ‘काल रात्री छप्पर लिटरली उडाले’ एवढेच वाचणाऱ्याने मैफल रंगली असे समजावे की वादळ झाले असे?

प्रश्न : त्याऐवजी मराठीत ‘अक्षरशः’ वापरला तर हा घोळ टळेल ना?

उत्तर : टळणार नाही, आणि गंमत तिथेच आहे. ‘क्रमशः’, ‘खंडशः’ यांतला ‘शः’ ‘अक्षर’ला जोडला की ‘अक्षरागणिक’ असा अर्थ होतो, म्हणजे रचना जवळजवळ ‘लिटरली’चीच. तरीही ‘माणसांचा अक्षरशः पूर लोटला’ असे आपण बेधडक लिहितो आणि त्यात कोणी बुडत नाही. त्यामुळे अतिशयोक्तीच्या ‘लिटरली’ला ‘अक्षरशः’ चपखल बसतो. काटेकोर अर्थ हवा असेल तर भाषांतराबाबत ‘शब्दशः’, अर्थाबाबत ‘वाच्यार्थाने’ आणि घटनेबाबत साधे ‘खरोखरच’ लिहावे.

प्रश्न : ‘लेटर’मध्ये दोन ‘टी’, मग ‘लिटरली’तही दोनच का नाहीत?

उत्तर : ‘लिटरली’त ‘टी’ एकच. ‘एल’ मात्र शेवटी दोन येतात, एक ‘लिटरल’चा आणि दुसरा ‘ली’ प्रत्ययाचा. बोलताना मधला स्वर गिळून ‘लिट्रली’ म्हटले तरी चालते. लिहिताना तिथला ‘ई’ गाळू नये.