तोंडी परवानगीवर विसंबू नका, मॅडम

मॅडम, तुमचा प्रश्न स्लाइडचा आहे. पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या दुसरीच्या मुलांच्या मराठी वाचनावरचा तुमचा शोधनिबंध विद्यापीठाच्या चर्चासत्रात निवडला गेलाय, दहा मिनिटं मिळणार आहेत, तर स्लाइड किती ठेवाव्यात. स्लाइडचं पुढे सांगतो. पण जाता जाता तुम्ही लिहिलंय की शेजारच्या दोन शाळांतही चाचणी घेतली, शिक्षण खात्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी तोंडी परवानगी दिली होती. ते वाचलं आणि राहवलं नाही.

माझाही विषय असाच होता, कोरकू ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलांचा. आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) इतर शाळांत चाचणी घ्यायची म्हणून रीतसर अर्ज घेऊन गेलो. आवक-जावकच्या टेबलावर लिपिकाने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "आधी साहेबांना दाखवा, शेरा आला की नंबर टाकतो." साहेब म्हणाले, "चांगलं काम आहे, करा की. कागद कशाला पाहिजे?" अर्ज त्यांनी ठेवून घेतला. शेरा नाही, नंबर नाही, पोच नाही. चाचण्या झाल्या, निबंध स्वीकारला गेला, तोवर साहेबांची बदली झाली. आयोजकांनी लहान मुलांची माहिती आहे म्हणून परवानगीपत्राची प्रत मागितली. नवीन साहेबांसमोर उभा राहिलो तर उत्तर आलं, "असा अर्ज आवक नोंदवहीत दिसत नाही. झालेल्या कामाला मागच्या तारखेने परवानगी मी कशी देणार?" नियमाने बोलायचं तर त्यांचं चूक नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. लिपिक तोच होता, दोन हातांच्या अंतरावर बसलेला, पण मान वर करेना.

इतर शाळांची सगळी आकडेवारी काढून टाकावी लागली. म्हणजे तुलनेचा गटच गेला. सादरीकरणात अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न टाकला, "नियंत्रित गट कुठे आहे?" काय सांगणार, की तो कुणाच्या तरी टेबलावर पेपरवेटखाली आहे? वर कर्तव्यरजा नामंजूर झाली आणि ते दिवस अर्जित रजेत वळते झाले. कार्यालयाचं आणि जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, मला अजून नोकरी करायची आहे.

तर तुम्ही आज काय करायचं? साहेब बदलून जायच्या आत मुख्याध्यापकांमार्फत पत्र द्या: अमुक तारखेला झालेल्या चर्चेनुसार अमुक शाळांत चाचणी घेतली, त्या माहितीचा निबंधात वापर करण्यास लेखी परवानगी मिळावी. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका, सरळ स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती साहेबांच्या हसण्यापेक्षा जास्त टिकते. रजेचा अर्ज वेगळा द्या, एकाच कागदात दोन मागण्या घातल्या की दोन्ही लोंबकळतात. शिवाय त्या दोन्ही शाळांच्या व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे पालकांना विश्वासात घेतल्याचा कागद तयार होतो. वरिष्ठांच्या परवानगीची जागा तो घेत नाही, हे लक्षात ठेवा. आणि शाळांना "अ" आणि "ब" म्हटलं की झालं, असं कुणी सांगेल. नाव झाकल्याने परवानगी मिळत नाही.

(मी काही नियमांचा जाणकार नाही. प्रत्येक जिल्ह्याची तऱ्हा वेगळी, तुमच्याकडचे आदेश स्वतः वाचा.)

आता स्लाइड. दहा मिनिटं म्हणतात, आठव्याला घंटी वाजते. शिक्षणाची व्याख्या, थोरांचं वचन, संशोधनाची गरज, हे सगळं उडवा. समोर बसलेल्यांनी ते आयुष्यभर ऐकलंय. माझ्या मते एकच तक्ता पुरेसा आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्यांवर पूर्व चाचणीत (तुमची पद्धत वापरण्याआधी) किती मुलं होती आणि उत्तर चाचणीत (नंतर) किती. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीमुळे या पायऱ्या सगळ्यांना माहीत आहेत, समजावत बसावं लागत नाही. टी मूल्य ०.०५ पातळीवर सार्थक आलं, म्हणजे दोन चाचण्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, म्हणून फार मिरवू नका. गुण वाढले एवढंच त्यातून कळतं, तुमच्या पद्धतीने वाढले हे नाही. दुसरीचं मूल सहा महिन्यांत तसंही पुढे सरकतंच. हे तुम्हीच आधी बोलून टाका, मग कुणी कोंडीत पकडत नाही.

वाचनाचा वेग दिला असेल तर निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या अभियानाचा आकडा कुणीतरी काढणारच: दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीला किमान ६०. मराठीत 'शाळेतल्यांनासुद्धा' हा एक शब्द धरायचा की किती, हे कुणी विचारत नाही, पण तुम्ही शब्द कसे मोजले ते एका ओळीत लिहून ठेवा. आणि चुकांची यादी केली असेल तर तीच खरी कमाई. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी नातंच नाही, त्यामुळे आमची पोरं अनोळखी शब्दापाशी गप्प बसायची. पावरी भिली गटातली, मराठीच्या जवळची, तिथे मूल अंदाजाने पुढचा शब्द ठोकून देत असणार. तसं असेल तर दोन मिनिटं त्यालाच द्या.

किरकोळ पण कामाचं: श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली स्लाइड दुसऱ्याच्या संगणकावर हमखास फुटते. युनिकोडमध्ये करा आणि पीडीएफ जवळ ठेवा. मुलांचे चेहरे दाखवू नका. प्रमाणपत्रावर नुसतं 'सहभाग' नको, निबंधाचं शीर्षक आणि 'सादर केला' असं हवं, तिथल्या तिथे वाचून घ्या. जेवणाच्या सुट्टीत 'केअर लिस्टेड जर्नल, आठ दिवसांत छापतो, एवढे पैसे' म्हणणारे भेटतील. केअर ही यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य नियतकालिकांची यादी, ती यादीच यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, तरी यांची पत्रकं छापून येतातच. आणि पीएचडीसाठी धावपळ करत असाल तर यूजीसीच्या २०१६ च्या नियमातली, प्रबंधाआधी एक निबंध छापण्याची आणि दोन सादरीकरणांची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक तेवढं पाहून घ्या.

एक मात्र इथे लिहाच: पूर्व चाचणीच्या सूचना मुलांना मराठीत दिल्या की पावरीत? आणि उत्तर चाचणीच्या? दोन्ही वेळी भाषा वेगळी असेल तर तुमचा तक्ता पुन्हा बघावा लागेल.