गाण्याचे प्रोजेक्ट क्लाउडवर सिंक होतात, मग वेगळा बॅकअप कशाला?

लागतोच. रीपरचे (गाणी रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर) सगळे प्रोजेक्ट सिंकच्या फोल्डरमध्ये आहेत, तर वेगळा बॅकअप घ्यायचा का आणि फुकटात कुठलं क्लाउड बरं, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं खाली सांगतो. पहिल्यावरून माझं आणि माझ्या मावसभावाचं चांगलंच वाजलंय.

आम्ही दोघं खानापूर तालुक्यातल्या भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. मी बेळगावात, दादा पुण्यात. रेकॉर्ड मी करायचं, मिक्स त्यानं. आमच्या आजोळी आप्पा पेटीवर बसतात, वय ऐंशीच्या पुढं. त्या रात्री देवळातले पंखे बंद केले, पत्र्यावरचा पाऊस थांबेपर्यंत वाट बघितली आणि गळा, पेटी, पखवाज असे तीन माइक लावले. काळी दोनमध्ये आप्पा सव्वादोन तास गायले. मध्येच एका अभंगाला त्यांनी अशी चाल लावली की टाळकरी हात थांबवून ऐकत बसले. कुणालाच ती ठाऊक नव्हती. गुरूंची आहे, एवढंच म्हणाले.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ अशा दर्जाला एका माइकचा मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी खातो. तिन्हींचे मिळून साडेतीन जीबी झाले. दोघांच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकले, दादाकडे उतरले, मी निर्धास्त. पुढं दिवाळीत दादाचा लॅपटॉप भरला, म्हणून त्यानं त्याच्याकडच्या वेव्ह फाइल्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच, उडवल्या. "क्लाउडवर आहेत की!" सामाईक फोल्डरमधून एकानं खोडलं की सगळ्यांकडून जातं. माझ्या लॅपटॉपवरूनही गेलं आणि मला पत्ता नाही. खोडलेलं ३० दिवस परत मिळायचं, मी प्रोजेक्ट उघडला चाळिसाव्या दिवशी. रीपरनं सापडत नसलेल्या फाइल्सची यादी पुढं केली. कट होते, फेड होते, ट्रॅकवर 'आप्पा गळा' असं नावही होतं. आवाज नव्हता. कुठला तुकडा कुठं लावायचा याची टिपणं तेवढी प्रोजेक्ट फाइलमध्ये असतात, गाणं त्यात नसतंच.

आप्पांकडे परत गेलो. काही न बोलता बसले, गायले. ती चाल आली नाही. "म्हटलो असंन गा, आता आठवंना." नातवानं मोबाइलवर घेतलेलं पाऊण मिनिट शिल्लक आहे, त्यातही टाळच जास्त ऐकू येतात.

दादा अजूनही म्हणतो, ३० दिवस होते, तू बघायला हवं होतंस. अरे, गेलंय हे कळलं तर बघणार ना! सिंकमध्ये चूकही सिंक होते. त्याला बॅकअप म्हणायचं नाही, कुणीही म्हणू नये.

आता मी घरी आल्या आल्या, एडिटला हात लावायच्या आधी, मूळ फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो. कामाचा फोल्डर सिंकच्या बाहेर. काम संपलं की 'सेव्ह अॅज'मध्ये सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करायची खूण करतो, तारीख घालून झिप करतो आणि ब्राउझरमधून अपलोड करतो. ती झिप पुन्हा उघडायची नाही, बदलायची नाही. प्रत्येक ट्रॅक इफेक्टसकट वेगळा रेंडर करून फ्लॅक या ऑडिओ फाइलमध्येही ठेवतो, कारण पाच वर्षांनी इफेक्टचं तेच प्लगइन चालेल याची खात्री नाही. आणि कुणाला फोल्डर द्यायचाच तर फक्त बघायचा हक्क द्या, सख्खा भाऊ असला तरी.

क्लाउड कुठलंही घ्या. गूगलवर १५ जीबी फुकट, पण त्यात जीमेल आणि फोटोही आले. ड्रॉपबॉक्सवर २ जीबी, म्हणजे आमची एक बैठकही मावत नाही.

तुम्ही एकटेच असाल आणि नुसतं मिडीवर (रेकॉर्ड केलेला आवाज नाही, फक्त कुठला सूर कधी वाजवायचा याच्या सूचना) काम करत असाल, तर एवढा खटाटोप नको, डिस्कवर एक प्रत पुरे. शिवाय खानापूरच्या पावसात हॉटस्पॉटवर २ एमबीपीएसचा अपलोड मिळाला तरी साडेतीन जीबीला चार तास जातात आणि मध्ये लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं पावसाळ्यात मी दुसरी डिस्कच रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवतो. सकाळी दादा स्वारगेटला जाऊन घेतो.