नोटीस सासऱ्यांची, हिस्सा मात्र सासूबाईंचा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि नोटिशीचा फोटो झूम करकरून चारदा. बाकीच्या वाचकांसाठी मॅटर थोडक्यात सांगतो. या ताई कोल्हापूरच्या, वय ३४, मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा ७ वर्षांचा, नोकरी घरबसल्या लॅपटॉपवर चालते, आणि आता पोराला घेऊन वर्षभर जग फिरायचंय, आधी श्रीलंका, व्हिएतनाम, मग युरोप, शेवटी साऊथ आफ्रिका. खर्चासाठी मिस्टरांच्या नावावरचा राजारामपुरीतला फ्लॅट विकायचं चाललंय. त्यावर सासऱ्यांची वकिलामार्फत नोटीस आली की आमच्या लेखी संमतीशिवाय नातवाला देशाबाहेर न्यायचं नाही, आणि पोराचा पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत.

तुम्ही हिंदू कायद्याखाली येता असं धरून बोलतो. संमतीचा विषयच नाही. १९५६ च्या पालकत्व कायद्याचं कलम ६ बघा, नैसर्गिक पालक वडील, त्यांच्यामागं आई. आजोबा त्या यादीतच नाहीत. जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अकेला ललिता केसमध्ये हेच सांगितलं, तिथं तर आईनं दुसरं लग्न केलं होतं आणि आजी-आजोबा नातवाच्या पालकत्वासाठी कोर्टात गेले होते, त्यातून आडनावाचा वाद निघाला, तरी कोर्ट म्हणालं वडील गेल्यावर आईच नैसर्गिक पालक, आडनाव तीच ठरवणार.

नोटिशीत 'कोर्टाच्या परवानगीशिवाय' म्हणून १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचं कलम २६ टाकलंय, ते वाचून तुम्ही रात्रभर झोपला नाहीत. ते कलम कोर्टानं नेमलेल्या पालकासाठी आहे हो, तुम्हाला कोर्टानं कुठं नेमलंय? समोरच्या वकीलसाहेबांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, नोटीस ही बऱ्याचदा घाबरवायलाच असते. आणि ते 'विधवा स्त्रीस असे एकटीने हिंडणे शोभत नाही' हे वाक्य! आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, आणि इथं शहरात बसून लेटरहेडवर हे टायपतायत.

आता ते कोर्टात जाऊ शकतात का, तर हो, फॅमिली कोर्टात पालकत्वाचा अर्ज टाकू शकतात, आणि कोर्ट शेवटी मुलाचं हित कशात आहे तेवढंच बघतं. म्हणून आत्ताच कॅव्हेट, म्हणजे 'आधी माझं ऐका' असा कोर्टात अर्ज, टाकून ठेवा, त्यानं तुमचं न ऐकता एकतर्फी स्टे मिळायची शक्यता कमी होते, ते ९० दिवस चालतं, मग परत टाकायचं. सोबत प्लॅन कागदावर करा, कुठं किती दिवस, परत कधी, शाळेचं काय. शाळेवरूनच ते जास्त ओरडतील. शाळेला लेखी कळवा, आणि दाखला काढावा लागलाच तरी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणं परत आल्यावर वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. वर जायची वेळ आली तर पूर्वीसारखी रात्रीची मुंबईची गाडी धरायला नको, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोर बसतंय.

पासपोर्टचं मात्र जपून. तुमच्या नणंदेनं सांगितलंय तसं 'हरवला' म्हणून तक्रार देऊन नवीन काढू नका. हरवलेला नाहीये तो, तिजोरीत आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं हा कलम १२ चा गुन्हा, म्हणजे आज बाजू तुमची आणि उद्या आरोपी तुम्हीच. पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं ती केंद्र सरकारची मालमत्ता आहे, सासऱ्यांची नाही. स्पीड पोस्टानं पत्र टाका, सात दिवसांत परत द्या म्हणून. नाही दिला तर पोलिसात 'अडवून ठेवलाय' असा खरा खरा अर्ज द्या आणि त्याची पोच घेऊन पासपोर्ट ऑफिसला लिहा.

आता खरं दुखणं, फ्लॅट. इथं तुम्ही चुकताय आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचंच आश्चर्य वाटतं. मिस्टरांनी मृत्युपत्र केलेलं नाही, फ्लॅट त्यांच्या कमाईतला. मग पहिल्या वर्गाचे वारस तीन, तुम्ही, मुलगा आणि मिस्टरांची आई. प्रत्येकी १/३. वडील दुसऱ्या वर्गात जातात, पहिल्या वर्गात माणूस असताना त्यांना काही मिळत नाही. म्हणजे ज्यांनी नोटीस धाडली त्यांचा फ्लॅटमध्ये एक विटेचा हक्क नाही, आणि ज्या गप्प बसून आहेत त्या सासूबाईंच्या सहीशिवाय अख्खा फ्लॅट विकताच येत नाही. सोसायटीत नॉमिनी तुम्ही आहात म्हणता, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

मुलाच्या तिसऱ्या हिश्श्याला तर तुम्ही पालक असूनही कोर्टाची परवानगी लागते, त्याच १९५६ च्या पालकत्व कायद्याचं कलम ८. आणि ती मिळते मुलाची गरज किंवा उघड फायदा असेल तर. 'आईबरोबर व्हिएतनाम बघायचंय' हे कारण जज्जसाहेबांपुढं मांडायची माझी तरी हिंमत नाही. परवानगीशिवाय विकलात तर पोरगा १८ चा झाल्यावर तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागू शकतो, म्हणून शहाणा गिऱ्हाईक असा फ्लॅट घेतच नाही. तुमचा एकटीचा हिस्सा कागदावर विकता येतो म्हणा, पण तिसरा हिस्सा घेणारा राहणार कुठं, किचनमध्ये?

त्यापेक्षा भाड्यानं द्या. ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, रजिस्टर करून, सासूबाईंचीही सही घेऊन. मुलाचा भाग त्याच्या खात्यात, सासूबाईंचा त्यांच्या खात्यात, तुमचा प्रवासाला. मागं व्यवहार बघायला भावाला रजिस्टर्ड मुखत्यारपत्र करून द्या. ट्रिप एक वर्षाऐवजी चार महिन्यांची होईल कदाचित, तशीही युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं.

कागदांत एक गोष्ट. दुसऱ्या पालकाची संमती कुठं, असा प्रश्न युरोपच्या आणि साऊथ आफ्रिकेच्या व्हिसाला येणारच, तेव्हा मृत्यू दाखला हेच उत्तर, त्याच्या पाच-सहा मूळ प्रती महापालिकेतून काढा. आणि नावं जुळवून बघा. माझ्या एका अशीलबाईंच्या मुलाच्या जन्म दाखल्यावर बापाचं नाव साधं आणि मृत्यू दाखल्यावर मागं 'राव' लागलेलं, आपल्याकडं राव लावल्याशिवाय जमतच नाही, व्हिसावाल्यांना वाटलं ही दोन माणसं. अॅफिडेव्हिट, दुरुस्ती करता करता विमानाचं तिकीट वाया गेलं.

निघायच्या आधी मृत्युपत्र करा, हे टाळू नका. पालकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणं विधवा आई मृत्युपत्रानं मुलाचा पालक नेमू शकते. दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करा. २०२२ मध्ये अहमदाबादच्या एका पोराची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, कोरोनात आईवडील दोघं गेले होते, एकीकडं आजी-आजोबा, दुसरीकडं मावशी, ताबा आजी-आजोबांना मिळाला. परदेशात तुम्हाला काही झालं तर पोरगा कुणाकडं, हे तुम्ही लिहा.

आणि नोटिशीला उत्तर द्यायच्या आधी एकदा सासूबाईंना एकट्या गाठा, सासरे दुपारी तालमीकडं जातात म्हणालात ना, तेव्हा. त्यांना हिस्सा आहे हे तुमच्या तोंडून कळू दे, वकिलाकडून नको. तोवर मला फ्लॅटच्या इंडेक्स टूची, म्हणजे खरेदीच्या नोंदणी उताऱ्याची, झेरॉक्स पाठवा, पैसे खरंच मिस्टरांचेच होते का की सासऱ्यांनी काही घातलेत ते त्यावरून आणि बँकेच्या उताऱ्यावरून बघू, कारण तसं निघालं तर वरचा सगळा हिशोब परत मांडायला लागेल.