‘तयार नाही’ म्हणजे नेमकं काय तयार नाही?

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्याच्या साइटवर, दरपत्रकाच्या पानात, टिक केलेली ओळ रंगवायला तू सीएसएसचं (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचं) ‘हॅज’ वापरलंस, म्हणजे ‘जिच्या आत अमुक आहे ती ओळ’ असं निवडणारी खूण. मग ‘हे अजून तयार नाही’ अशी बातमी वाचलीस आणि सगळं पुसून जावास्क्रिप्ट घातलंस. घाई केलीस. बातमी खोटी असेलच असं नाही, पण काय तयार नाही आणि कोणासाठी, हे ती सांगत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

वेबपानं लिहायच्या भाषेची पाचवी आवृत्ती, एचटीएमएल5, तिचंच बघ. तिचे संपादक इयन हिक्सन यांनी 2008 मध्ये एका मुलाखतीत अंदाज सांगितला: ‘कॅन्डिडेट रेकमेंडेशन’ (मानक होण्यासाठीचा उमेदवार मसुदा) 2012 मध्ये, ‘प्रपोज्ड रेकमेंडेशन’ (अंतिम मंजुरीच्या आधीची पायरी) 2022 मध्ये. 2022 एवढ्यासाठी, की तोवर दोन ब्राउझरांनी अख्खं स्पेसिफिकेशन, म्हणजे नियमांचा दस्तऐवज, राबवून चाचण्यांतून पार पडायला हवं होतं. लोकांपर्यंत पोचलं ते एवढंच, की एचटीएमएल5ला 2022 उजाडणार! प्रत्यक्षात मुलाखतीच्याच वर्षी, 2008 मध्ये, सफारी 3.1 मध्ये व्हिडिओ टॅग चालत होता. जून 2009 मध्ये फायरफॉक्स 3.5 मध्येही तो आला. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा शिक्का बसला 28 ऑक्टोबर 2014 ला. मथळ्यावर विसंबून जे थांबले, त्यांची उमेदीची वर्षं वाया गेली. मला याची मनापासून हळहळ वाटते.

उलटंही होतं. एका ब्राउझरात काही आलं की ‘आता वेबवर हे शक्य’ अशी बातमी झळकते. ‘हॅज’ मार्च 2022 मध्ये सफारी 15.4 मध्ये आलं, ऑगस्टमध्ये क्रोम 105 मध्ये, आणि फायरफॉक्सला डिसेंबर 2023 उजाडला. ‘बेसलाइन’च्या, म्हणजे कुठली सोय सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालते हे सांगणाऱ्या मोजपट्टीच्या हिशेबात त्या दिवशी ते ‘नव्याने उपलब्ध’ झालं. ‘सर्वत्र उपलब्ध’ म्हणायला तिथून आणखी 30 महिने लागतात. म्हणून बातमीची तारीख आधी बघत जा. स्पेसिफिकेशन कुठल्या पायरीवर आहे, याने आपलं काम फारसं अडत नाही. पानाची चौकटीत मांडणी करणारं सीएसएस ग्रिड मार्च 2017 मध्ये क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघांत आलं, स्पेसिफिकेशन मात्र पुढे कित्येक वर्षं ‘कॅन्डिडेट’च होतं.

आपल्याला बघायचं ते गिऱ्हाइकाच्या हातातला फोन. समज, कुणाकडे आयफोन 6 आहे. तो आयओएस 12 च्या पुढे जात नाही, आणि त्यावर क्रोम टाकलं तरी आत इंजिन सफारीचंच. तिथे ‘हॅज’ चालणार नाही. बरं, मग बिघडतं काय? ओळ रंगत नाही, एवढंच. टिक बसते, गुळाच्या रव्यांची (ढेपांची) ऑर्डर जाते. त्यासाठी जावास्क्रिप्टचं ओझं कशाला?

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. तू ‘हॅज’चा सिलेक्टर (नियम कशाला लागू होईल ते सांगणारा भाग) स्वल्पविराम देऊन जुन्या क्लासच्या, म्हणजे ओळीला दिलेल्या नावाच्या, सिलेक्टरला जोडला होतास. ज्या ब्राउझरला ‘हॅज’ कळत नाही, तो अशा वेळी अख्खा नियमच टाकून देतो, क्लासचासुद्धा. नियम वेगळा लिही. मांडणीच त्यावर उभी असेल तर ‘सपोर्ट्स’च्या अटीत (ब्राउझरला ते कळत असेल तरच लागू) घाल.

दरपत्रकाचं पान पूर्ववत कर. मग व्यापाऱ्याच्या पेढीवर जा, दिवाणजींचा आणि हमालांचा फोन मागून घे आणि त्यांच्यासमोर एक ऑर्डर टाकून बघ. काय दिसलं ते मला संध्याकाळी कळव.

तुझा,
दादा