पोहणे, धावणे, सायकल : तुलना कशी करावी?

प्रश्न : मी 1500 मीटर फ्रीस्टाइल 30 मिनिटांत पोहतो, 5 किलोमीटर 25 मिनिटांत धावतो आणि सपाट रस्त्यावर तासाभरात 32 किलोमीटर सायकल चालवतो. यांपैकी माझी कोणती कामगिरी सरस आणि कोणती कच्ची समजावी?

उत्तर : आपले आकडे आधी विक्रमांशेजारी ठेवून पाहू. बॉबी फिंक यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1500 मीटर अंतर 14 मिनिटे 30.67 सेकंदांत पोहून पार केले. जोशुआ चेप्तेगेई 2020 मध्ये 5000 मीटर 12 मिनिटे 35.36 सेकंदांत धावले, तर फिलिपो गान्ना यांनी 2022 मध्ये एका तासात 56.792 किलोमीटर सायकल चालवली. त्यांच्या वेगाशी ताडून पाहता आपला वेग पोहण्यात 48, धावण्यात 50 आणि सायकलवर 56 टक्के भरतो. यावरून सायकल सरस वाटते, पण हा निष्कर्ष फसवा आहे.

पाण्याचा आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. धावताना मात्र ती साधारणपणे वेगाच्याच पटीत वाढते. म्हणून धावण्याची वेळ 10 टक्क्यांनी कमी करायला सुमारे 11 टक्के जादा शक्ती पुरते, पण तंत्र तेच ठेवून पोहण्याची वेळ तेवढीच कमी करायची तर सुमारे 37 टक्के जादा शक्ती लागते. जागतिक जलक्रीडा महासंघाची गुणपद्धतीही घनावरच बेतलेली आहे : पायाभूत वेळेला (म्हणजे विश्वविक्रमावरून ठरवलेल्या वेळेला) आपल्या वेळेने भागून आलेल्या संख्येचा घन करायचा आणि त्याला 1000 ने गुणायचे. फिंक यांची वेळ पायाभूत धरली, तर आपल्याला सुमारे 113 गुण मिळतात.

हाच शक्तीचा हिशेब तिन्ही खेळांसाठी टक्क्यांत मांडला, तर आपण धावण्यात 50, सायकलवर 18 आणि पोहण्यात जेमतेम 11 टक्क्यांवर आहात, म्हणजे क्रम पार बदलतो. सायकलचा आकडा मात्र मी जपून वापरेन, कारण गान्ना बंदिस्त ट्रॅकवर, खास सायकलवर, अंग पूर्ण वाकवून बसले होते. सायकलवर दर किलो वजनामागे किती वॅट शक्ती निघते, हे अधिक भरवशाचे माप.

हृदय आणि फुप्फुसे तर तिन्ही खेळांत तीच असतात. त्यामुळे पोहण्यातली एवढी मोठी तफावत दमाची नसून बहुतांशी तंत्राची आहे, असे मला ठामपणे वाटते. श्वासासाठी डोके वर उचलले की पाय खाली जातात, शरीर तिरके होते आणि समोरचे जास्त पाणी ढकलावे लागते. आपली मेहनत तिथेच खर्ची पडत असावी. म्हणून आणखी अंतर पोहण्याआधी 25 मीटरमध्ये किती हात मारता, ते मोजा. डोके पाण्यातच ठेवून बाजूला वळवत श्वास घेतल्यावर, तेवढ्याच वेळेत हातांची संख्या दोन-तीनने घटली, तर दोष नेमका तिथेच होता असे समजावे.