आधी लिनक्स की थेट अ‍ॅप?

लॅपटॉपवर लिनक्स शिकत बसू की सरळ अँड्रॉइड अ‍ॅप करायला घेऊ, असं तू विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे: अ‍ॅपला हात घाल, पण लिनक्सवर बसून. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आहे, १९९१ साली लिनस टॉरव्हॉल्ड्सने सुरू केलेला. फोनमध्ये यूएसबी डीबगिंग (लॅपटॉपवरून फोनला कमांड देऊ देणारी सेटिंग) सुरू कर, केबल जोड, लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये 'एडीबी शेल' लिहून फोनमध्ये शिर आणि 'एलएस' (फायलींची यादी), 'पीएस' (चालू प्रोग्रामची यादी) चालवून बघ. रोजच्या कमांड हातातल्या फोनवर चालताना दिसल्या तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

खरा फरक वेगळाच आहे. डेस्कटॉपवरचा प्रोग्राम तू बंद करेपर्यंत सहसा चालू राहतो. फोनवर मेमरी कमी पडली की मागे गेलेलं अ‍ॅप सिस्टिम बेधडक बंद करते. नुसता फोन आडवा केला तरी अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपची समोरची स्क्रीन) नव्याने तयार होते आणि तिच्या व्हेरिएबलमधला आकडा पुन्हा शून्यावर येतो. मी दोन दिवस हिशेबातली चूक शोधत होतो, चूक तिथे नव्हतीच! म्हणून व्ह्यूमॉडेल, म्हणजे फोन आडवा केला तरी आकडे जपून ठेवणारा भाग, पहिल्याच आठवड्यात समजून घे.

अ‍ॅप लिहायची भाषा कॉटलिनच घे. रॅम ८ जीबी असेल तर एम्युलेटरच्या (लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनच्या) नादी लागू नकोस, खऱ्या फोनवर तपास. प्ले स्टोअरच्या खात्याचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. आयफोनचं नंतर बघू, त्याला मॅक लागतो आणि स्टोअरसाठी वर्षाला ९९ डॉलर.